शिक्षा माफ झाली, मग क्षमाही करायची का?

तुम्ही विचारलंय, शिक्षा माफ झाली की गुन्हाही माफ होतो का, आणि मग ज्याला त्रास झाला त्यानंही क्षमा करायलाच हवी का. माझं उत्तर दोन्हीला नाही असंच आहे.

घटनेच्या कलम 72 प्रमाणे राष्ट्रपती आणि 161 प्रमाणे राज्यपाल शिक्षा माफ किंवा कमी करू शकतात. पण केहर सिंग प्रकरणात 1988 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्यामुळे कोर्टाचा निकाल बदलत नाही, तो कागदोपत्री तसाच राहतो. 'माफीचा साक्षीदार' घ्या. खरं सांगण्याच्या बदल्यात त्याला माफी मिळते. ज्यानं सोसलं, त्याच्या मनाचा तिथे प्रश्नच येत नाही.

आम्ही इंदूरचे. इथल्या कोर्टात तडजोडीला 'राजीनामा' म्हणतात. घराच्या वाटणीवरून माझ्या चुलतभावानं, दादानं, बाबांना जिन्यात ढकललं, मारलं. केस झाली. काकू रोज येऊन रडायची, शेवटी बाबांनी राजीनामा दिला. साध्या मारहाणीत तो चालतो आणि कायद्यानं त्याचा परिणाम आरोपी निर्दोष सुटण्यासारखाच असतो. न्यायाधीशांनी विचारलं, "किसी के दबाव में तो नहीं?" बाबा नाही म्हणाले. बाहेर आल्यावर दादानं पेढे पुढे केले, बाबांनी हात मागे घेतला. नातेवाईक म्हणाले, सही केली तर आता कसला राग? मला त्या बोलण्याचा अजूनही संताप येतो. सही काकूसाठी होती.

आमच्या शेजारी दिगंबर जैन कुटुंब आहे. पर्युषणानंतर क्षमावाणीला ते दरवर्षी येतात, हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. मागणारा आधी स्वतः वाकतो, हे मला फार मोलाचं वाटतं. दादानं तीन वर्षं तेच केलं नव्हतं. "झालं गेलं विसरा काका" एवढंच म्हणायचा.

मग एका संध्याकाळी तो एकटाच आला. जिन्यातच उभा राहून म्हणाला, "काका, इथेच मी तुम्हाला ढकललं. तुम्ही पडलात तरी मी थांबलो नाही." बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "याला चहा टाक."

वाटणीचा दावा अजून सुरू आहे, आणि बाबांना तो सोडायचा नाहीये. दादाही तो सोडा असं म्हणत नाही.