वाचकांचे प्रश्न : कायदा आला की स्वातंत्र्य जाते का?

प्रश्न : प्रत्येक कायदा माणसाचे स्वातंत्र्य थोडे तरी कमी करतो, असे वाचनात आले. मग कायद्याच्या राज्यात माणूस स्वतंत्र कसा?

तुम्ही वाचलेले मत मुळात इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचे. ‘लेव्हायथन’मध्ये (१६५१) तो म्हणतो, बाहेरचा अडथळा नसणे म्हणजे स्वातंत्र्य, कायदा जिथे गप्प, तिथे प्रजा मोकळी. मग राज्य कोणाचे, हा प्रश्न आपोआप गौण ठरतो. इटलीतल्या ल्युका या गणराज्याच्या बुरुजांवर ‘स्वातंत्र्य’ असे ठळक कोरलेले असले, तरी तिथला माणूस सुलतानाच्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या प्रजेपेक्षा अधिक मोकळा ठरत नाही, असे त्याने लिहिले.

पाचच वर्षांनी जेम्स हॅरिंग्टन या इंग्रज गणराज्यवादी लेखकाने याला उत्तर दिले, आणि ते आजही खोडायला अवघड आहे. सुलतानाचा बडा सरदार (पाशा) सुद्धा जमिनीचा आणि स्वतःच्या डोक्याचाही मर्जीवरचा कूळ असतो. ल्युकातला लहानसा जमीनमालक मात्र दोन्हींचा धनी. फरक कायदे किती आहेत यात नाही, कोणाच्या लहरीखाली जगावे लागते यात आहे. मालक दयाळू निघाला आणि त्याने गुलामाला कधीच अडवले नाही, तर हॉब्जच्या मापाने तो गुलाम मोकळाच म्हणावा लागेल. हे माप इथे तोकडे पडते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक हॅरिंग्टनच्या बाजूचा. कायद्याचा हेतू स्वातंत्र्य जपणे आणि वाढवणे हा आहे, असे तो शासनावरील दुसऱ्या प्रबंधात (कलम ५७) सांगतो. उपयुक्ततावादी विचारवंत बेंथम पुन्हा हॉब्जकडे वळला: कायदा म्हणजे स्वातंत्र्यात कपात, पण बदल्यात सुरक्षितता मिळते म्हणून ती सोसायची. एकोणिसाव्या शतकात हाच हिशेब प्रबळ झाला आणि हॅरिंग्टनचा जुना युक्तिवाद मागे पडला. फिलिप पेटिट (१९९७) आणि क्वेंटिन स्किनर (१९९८) या अभ्यासकांनी तो पुन्हा चर्चेत आणला.

तेव्हा एखादा कायदा तपासताना तो किती गोष्टींना मनाई करतो, एवढेच मोजू नका. कोणाची कोणावरची मनमानी तो थांबवतो, हेही पाहा. घरमालकाला नोटिशीशिवाय भाडेकरू काढता येणार नाही, असा कायदा पहिल्या मापाने तोटा, दुसऱ्याने नफा.

प्रश्न : लॉकला उदारमतवादाचा जनक म्हणणे बरोबर आहे का?

सोयीचे आहे, पण मागाहून जोडलेले. लॉक १७०४ मध्ये वारला. राजकीय गटाचे नाव म्हणून ‘लिबरल’ रूढ झाले ते स्पेनमध्ये, काडिझच्या संसदेत, १८१० नंतर. शिवाय त्याची सहिष्णुता नास्तिकांपाशी थांबते: देव न मानणाऱ्याच्या शपथेवर विसंबता येत नाही, असे त्याचे म्हणणे. पाठ्यपुस्तके हे सहसा गाळतात.

प्रश्न : मिलचे हानितत्त्व प्रत्यक्ष उदाहरणाला कसे लावायचे?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचे हे तत्त्व असे: व्यक्तीच्या स्वातंत्र्यात हस्तक्षेप करायचा तो इतरांची हानी रोखण्यासाठीच. आधी पाहा, व्यक्ती सज्ञान आहे का. मग कृतीचा परिणाम इतरांवर होतो का. होत असेल तर ती खरी हानी की नुसती नापसंती? बहुतेक उत्तरे इथेच घसरतात. भावना दुखावणे हीच हानी धरली, तर तत्त्वात काही उरत नाही. शेवटची पायरी तर बहुतेकजण विसरतातच: हानी झाली म्हणजे हस्तक्षेप आपोआप योग्य ठरत नाही. स्पर्धा परीक्षेत एकजण निवडला गेला की बाकीच्यांचे नुकसान होतेच. मिल तिथे हात घालू देत नाही.

प्रसंगही तपासा. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत छापायला मोकळीक. तेच व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या खवळलेल्या जमावाला सांगितले, तर शिक्षा रास्त. आणि हे तत्त्व सरकारइतकेच समाजाच्या दडपणालाही लागू आहे.

मिलने मुलांबरोबर ‘मागासलेले’ समाजही या तत्त्वाबाहेर ठेवले. हे लिहिणारा माणूस १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. ही बाब तळटीपेत ढकलण्यासारखी नाही.

प्रश्न : नकारात्मक आणि सकारात्मक स्वातंत्र्य परीक्षेत कसे मांडावे?

नकारात्मक म्हणजे ‘कशापासून’ आणि सकारात्मक म्हणजे ‘कशासाठी’, एवढे लिहून थांबू नका. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिनच्या १९५८ च्या व्याख्यानात दोन वेगळे प्रश्न आहेत: माझ्यात कोणी ढवळाढवळ करू नये असे क्षेत्र किती (नकारात्मक), आणि माझ्यावर सत्ता कोणाची (सकारात्मक). दुसऱ्याचे उत्तर ‘माझ्यातल्या खऱ्या, विवेकी मीची’ असे दिले, की त्या खऱ्या मीच्या नावाने राज्यकर्ता जबरदस्ती करू लागतो. बर्लिनची भीती ही.

पुढे तत्त्वज्ञ जेराल्ड मॅकॅलमचा १९६७ चा आक्षेप जोडा: स्वातंत्र्याच्या प्रत्येक विधानात तीन जागा असतात, कोण, कोणत्या अडथळ्यापासून, काय करायला. मग इंग्रज तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीनचे १८८१ चे व्याख्यान घ्या. विपन्नावस्थेत करारावर सही करणाऱ्या कामगारावर कोणी बळजबरी केलेली नसते. तरीही ग्रीन असे करार कायद्याने रोखायला तयार आहे, कारण मधल्या, अडथळ्याच्या जागेत तो गरिबीही लिहितो. अर्थतज्ज्ञ हायेक ती लिहू देणार नाही; त्याच्या लेखी तिथे फक्त दुसऱ्या माणसाची जबरदस्ती बसते.