बदनामीची नोटीस आल्यानंतर मीडिया लायबिलिटी पॉलिसी घ्यावी का?

नमस्कार भाऊ. चोपडा तालुक्यातील एका बियाणे विक्रेत्याविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी तुम्ही आपल्या यूट्यूब वाहिनीवर दाखवल्या, त्यावर त्याच्या वकिलाची बदनामीची नोटीस आली, आणि आता मीडिया लायबिलिटीचा विमा, म्हणजे आपण प्रसिद्ध केलेल्या मजकुरावरून कोणी भरपाई मागितली तर त्यासाठीचा विमा, काढला तर हे प्रकरण त्यात बसेल का, असे तुम्ही विचारले आहे. जळगाव-धुळे भागातील वार्ताहरांना आणि व्हिडिओ करणाऱ्यांना मी या पॉलिसींचे कागद वाचून देत आलो आहे, म्हणून उत्तर आधी सांगतो: या नोटिशीसाठी आता घेतलेली पॉलिसी कामी येणार नाही. पुढील कामासाठी मात्र ती जरूर घ्या, आणि घेताना विमा रकमेच्या आधी तारखा वाचा.

मोटारीच्या विम्यात अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशीची पॉलिसी पाहतात. मीडिया लायबिलिटी पॉलिसी बहुधा क्लेम्स-मेड पद्धतीची असते, म्हणजे तुमच्याविरुद्ध दावा किंवा नोटीस ज्या दिवशी आली त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. शिवाय ज्या मजकुरावरून वाद झाला तो पॉलिसीवर छापलेल्या रेट्रोॲक्टिव्ह डेटनंतर, म्हणजे ज्या तारखेपासूनचा मजकूर पॉलिसीत धरला जातो तिच्यानंतर, प्रसिद्ध झालेला असावा लागतो. तुमच्या वाहिनीवर मागील काही वर्षांचे व्हिडिओ आजही लोक पाहत आहेत. रेट्रोॲक्टिव्ह डेट पॉलिसी सुरू होण्याच्या दिवसाचीच असेल तर ते सगळे व्हिडिओ संरक्षणाबाहेर राहतात, म्हणून थोडा जास्त हप्ता मागितला तरी ही तारीख मागे नेता येते का, हे विचारून घ्या. एकदा मिळालेली तारीख नूतनीकरणात खंड पडला की हातची जाऊ शकते. कापसाचे पैसे आले की भरू, असे म्हणून हप्ता महिनाभर लांबवणारे आपल्याकडे बरेच आहेत. या पॉलिसीत तो महिना फार महाग पडतो. वाहिनी बंद केली तरी धोका लगेच संपत नाही. 1963 च्या मुदत कायद्यानुसार बदनामीच्या भरपाईचा दावा 1 वर्षात आणि कॉपीराइटच्या भरपाईचा दावा 3 वर्षांत दाखल करता येतो. त्यामुळे काम थांबवताना एक्स्टेंडेड रिपोर्टिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी संपल्यानंतर दावा कळवण्याची वाढीव मुदत, मिळते का ते पाहावे.

आता हातातील नोटिशीविषयी. प्रपोझल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, पूर्वीच्या आणि संभाव्य दाव्यांविषयी प्रश्न असतो, तेथे ही नोटीस लिहावीच लागेल. एजंट ‘राहू द्या, कोण विचारते’ असे म्हणाला तरी ऐकू नका, कारण महत्त्वाची माहिती लपवल्याचे नंतर उघड झाले तर त्या नोटिशीशी संबंध नसलेला दावासुद्धा नाकारला जाऊ शकतो. नोटिशीला उत्तर वकिलामार्फत द्या. मूळ चित्रण, शेतकऱ्यांची बिले, बियाण्याच्या पिशवीवरील लॉट नंबर, कृषी खात्याकडे दिलेले अर्ज आणि पंचनामे एका जागी जपून ठेवा. दिवाणी दाव्यात विधान खरे असणे हाच पूर्ण बचाव असतो. फौजदारी प्रकरणात ते खरे असण्याबरोबर लोकहितासाठी प्रसिद्ध केलेले असावे लागते. तुमच्या विषयात लोकहित उघड आहे, पण ‘हा माणूस चोर आहे’ अशा मथळ्याला ते आधार देत नाही.

फौजदारी बाजू वेगळी समजून घेणे आवश्यक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामीसाठी 2 वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. शिक्षा किंवा दंड विमा कंपनी आपल्यावर घेत नाही. मात्र गुन्हा सिद्ध होईपर्यंतचा वकिलाचा खर्च काही पॉलिसींत मिळतो, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी पॉलिसीचा खरा उपयोग तोच आहे. तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्याला कोट्यवधीच्या हुकूमनाम्यापेक्षा वर्षानुवर्षे चालणाऱ्या तारखाच मोडून टाकतात. व्हिडिओ जेथे पाहिला गेला तेथे, समजा पुण्यात किंवा सुरतेत, दावा दाखल झाला तर प्रत्येक तारखेला जाण्यायेण्याचा खर्च वेगळाच. म्हणून बचावाचा खर्च विमा रकमेतूनच वजा होतो की तिच्याव्यतिरिक्त वेगळा मिळतो, आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, त्या खर्चालाही लागू आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. 10 लाखांच्या पॉलिसीत 2 लाख डिडक्टिबल असेल तर छोट्या वादात तुम्हाला काहीच मिळणार नाही.

अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्यांनी कॉपीराइटचे कलम अधिक बारकाईने वाचावे. कानबाईची पारंपरिक गाणी कोणाच्या मालकीची नाहीत, बहिणाबाई चौधरींच्या कवितांचीही मुदत संपली आहे. परंतु त्याच कवितेला कोणी दिलेली चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण यांवर वेगळा हक्क असतो. लग्नाच्या व्हिडिओखाली चित्रपटगीत लावणे हे तर थेट उल्लंघनच, आणि जाणूनबुजून केलेले उल्लंघन बहुतेक पॉलिसी वगळतात. यूट्यूबवर 90 दिवसांत 3 कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाच्या तक्रारीवरून दिलेले इशारे, आले तर वाहिनी बंद होऊ शकते. ती बंद झाल्याने बुडालेले उत्पन्न लायबिलिटी पॉलिसी भरून देत नाही, कारण ती दुसऱ्याने तुमच्याकडे मागितलेल्या भरपाईसाठी आहे.

केळी आणि कापसावर फवारणीचा सल्ला देणाऱ्या वाहिन्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. चुकीच्या मात्रेने बाग जळाली आणि शेतकऱ्याने भरपाई मागितली, तर शारीरिक इजा आणि मालमत्तेचे नुकसान वगळणारे कलम आड येऊ शकते. त्यासाठी मीडिया पॉलिसीसोबत व्यावसायिक सल्ल्याचे संरक्षण मिळते का, हे ठरवूनच घ्यावे. त्यातच औषध कंपनीने पैसे दिले असतील तर तिच्या करारातील इंडेम्निटीचे कलम पाहा. कंपनीवर येणारा सर्व खर्च तुम्ही सोसाल, अशी हमी तुम्ही सही करून दिलेली असते, आणि केवळ करारामुळे अंगावर आलेली जबाबदारी पॉलिसीत सहसा बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तोही पॉलिसीबाहेरच राहतो.

पॉलिसी चालू असताना नोटीस आली तर ती त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेलने कळवावी. गावातील प्रतिष्ठित माणसे मध्ये पडतात, चहापाण्यावर बसून प्रकरण मिटवू म्हणतात, आणि आपण माफीचा व्हिडिओ टाकून मोकळे होतो. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल केली किंवा तडजोडीची रक्कम ठरवली, तर ती रक्कम देण्यास कंपनी नकार देऊ शकते. मध्यस्थांना नम्रपणे सांगा की कंपनीचे उत्तर येईपर्यंत मला काही बोलता येत नाही.

कंपनीने दावा नाकारला तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा, आणि तेथे समाधान झाले नाही तर 1 वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. व्यक्तीच्या किंवा एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाच्या नावावर पॉलिसी असल्यास 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात, अर्जाला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.