तीन काळांची कादंबरी: 'समांतर' की 'तिपेडी'?

प्रश्न असा आहे: आजी, आई आणि नात यांचे काळ आलटूनपालटून सांगणारी कादंबरी वाचली, फार आवडली. तिला 'बहुकालीन' म्हणावं की 'समांतर कथानकांची'?

'बहुकालीन' चूक नाही, पण तो शब्द काळ मोजतो आणि थांबतो. 'समांतर' मात्र मला नकोच वाटतो. समांतर रेषा एकमेकींना भेटत नाहीत, आणि अशा कादंबरीची सगळी गोडी भेटीत असते. आजीच्या काळात कुणी एक पत्र लिहून पोथीत दडवतं. आपण ते विसरूनही जातो. मग शंभर पानांनंतर नातीच्या हातून तीच पोथी निसटते, आणि कागद बाहेर पडायच्या आत आपल्याला ते पत्र आठवलेलं असतं!

माझं मत 'तिपेडी'ला. पेड म्हणजे वेणीची किंवा दोराची एकेक बट. वेणी घालताना एका कडेचा पेड मधल्यावरून येतो, मग दुसऱ्या कडेचा, आणि प्रत्येकाची मध्ये यायची पाळी येते. खाली गेलेला पेड दिसत नाही, पण तुटलेला नसतो. पुढच्या वळणावर तो वर येतोच. प्रकरण बदललं की मागे राहिलेल्या काळाचं नेमकं हेच होतं. चार काळ असले तर चौपेडी म्हणा. क्रियापद 'गुंफणे' घ्या, 'ओवणे' नको, कारण ओवायला दोरा एकच लागतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हे पेड वेगळे ठेवायला मराठीत क्रियापदाची रूपंच पुरतात. 'आजी खिडकीशी बसून वाट पाही.' 'आई वाट पाहायची.' 'मी वाट पाहते.' साल कुठेही नाही, तरी तीन पिढ्या उभ्या राहतात. 'पाही' हा रीतिभूतकाळ, म्हणजे पूर्वीची नेहमीची सवय सांगणारं रूप. बोलण्यातून तो जवळजवळ गेलाय, म्हणूनच तो वाचताना जुन्या घरात पाऊल टाकल्यासारखं वाटतं. रोजच्या बोलण्यातही काळ क्रियापदच सांगतं: नुसतं 'परवा' म्हटलं तर मागचा की पुढचा तेही कळत नाही. 'परवा आले', 'परवा येईन' असं क्रियापद आलं की कळतं.

काही अनुवादांत तिन्हीकडे सरसकट 'वाट पाहिली' येतं. मग पेडांचा गुंता होतो आणि वाचक प्रकरणाच्या माथ्यावरचं साल पुन्हापुन्हा बघत बसतो.