हॉलिडे क्लबचे चार लाख आणि शुक्रवारचा पास्ता

प्रश्न: मी ३६ वर्षांची, मिस्टर ३८. ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,५३,००० रुपये. घरकर्ज ५० लाखांचं, ८.२५ टक्के फ्लोटिंग (बदलत्या) दराचं, २० वर्षांचं, त्यातली चार वर्षं झाली. धाकटा झाल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी डबा, डायपर आणि लसींच्या तारखा एवढंच बोलतो. मागच्या रविवारी मॉलमध्ये कूपन भरलं, 'बक्षीस लागलं' म्हणून एका हॉटेलात बोलावलं, तिथे तीन तास बसवून हॉलिडे क्लबचं सदस्यत्व समजावलं. २५ वर्षं, दरवर्षी सात रात्री, किंमत ४,२०,०००. साठ हजार आधी, उरलेले ४८ हप्त्यांत, १२ टक्के व्याजाने. वार्षिक शुल्क १८,००० अधिक जीएसटी. मिस्टरांनी दहा हजार टोकन भरलंसुद्धा. ते म्हणतात, हप्त्यासाठी शनिवारी बाहेरची ड्रॉइंगची कामं घेईन, पण आता आपल्यासाठी काहीतरी करायचंच. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा नातीच्या नावावर टाका. मला वाटतं कर्ज आधी फेडावं. काय करू?

ता. क. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मुलं लवकर झोपली. घरात काही शिजवलेलं नव्हतं म्हणून यांनी पास्ता केला, वीस मिनिटांत. ओट्याला टेकून कढईतूनच खाल्ला आणि साडेअकरापर्यंत हसत बसलो. उगाच सांगितलं.

उत्तर:

उगाच नाही सांगितलंत. पण त्या ता. क.कडे जरा वेळाने येते, आधी तातडीचं.

टोकनचे दहा हजार. मिस्टरांनी सही केलेल्या कागदावर रद्द करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आजच वाचा. ती बहुधा मागच्या पानावर, बारीक अक्षरात असते. मुदत शिल्लक असेल तर फोन करत बसू नका. फोनवर 'मॅडम, आमचे सीनियर बोलतील' एवढंच ऐकायला मिळतं आणि दिवस निघून जातात. ईमेल करा: सदस्यत्व नको आहे, टोकन परत करा, हप्त्यांसाठी कार्ड किंवा खातं वापरायची परवानगी काढून घेत आहोत. अर्जाचा फोटो आणि पैसे भरल्याची पावती जोडा. खात्यावर किंवा कार्डावर स्वयंचलित वसुलीची सूचना नोंदली गेली असेल तर ती बँकेच्या अॅपमधून स्वतः बंद करा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. आणि मुदत संपली असली तरी ईमेल कराच. दहा हजार बुडाले तरी चालतील, पण 'आता भरलेच आहेत' म्हणून चार लाखांत शिरू नका.

सदस्यत्व घेऊ नये, हे माझं मत तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. का, ते आकड्यांत सांगते.

३,६०,००० रुपये, १२ टक्के, ४८ महिने: हप्ता ९,४८० रुपये. चार वर्षांत ४,५५,०४० होतात, त्यात आधीचे साठ हजार मिळवा. म्हणजे ४,२०,००० ची वस्तू ५,१५,००० ला पडली. २५ वर्षांत वाटली तर वर्षाला २०,६००. वार्षिक शुल्क जीएसटी धरून २१,२४०. बेरीज ४१,८४० भागिले सात, म्हणजे रात्रीला सहा हजारांना वीस-पंचवीस रुपये कमी. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. आणि हे कधी, तर वार्षिक शुल्क २५ वर्षं एक रुपयाही वाढलं नाही आणि तुम्ही एकही वर्ष चुकवलं नाही तर. अडीच वर्षांच्या मुलाला ऐन निघायच्या दिवशी ताप येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करून बघा. तेच ५,१५,००० चार वर्षांत स्वतःच साठवले आणि साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाला साधारण ३३,५०० व्याज येईल. वाचलेलं वार्षिक शुल्क त्यात मिळवलं की ५४,७०० होतात. सात रात्रींत वाटले तर रात्रीला ७,८०० रुपये. हव्या त्या हॉटेलात, हव्या त्या महिन्यात, आणि मुद्दल जागच्या जागी. व्याजावर कर बसेल हे खरं, पण साठवताना चार वर्षांत मिळणारं व्याज मी धरलेलंच नाही. फिट्टंफाट.

त्या तीन तासांत तुम्हाला एक गोष्ट कोणी सांगितली नसणार. मुलगी पहिलीत आहे किंवा जाईल. आता पंधराएक वर्षं तुमच्या सुट्ट्या शाळा ठरवणार: मे महिना, दिवाळी, नाताळ. सदस्यत्वांत हंगामाच्या पायऱ्या असतात आणि या तीन वेळा सगळ्यांत वरच्या, महागड्या पायरीवर बसतात. तुमची पायरी कोणती आहे ते कागदावर बघा. खालची असेल तर तुम्हाला मिळणार ऐन जुलैतल्या किंवा परीक्षेच्या दिवसांतल्या खोल्या. वरची असेल तर त्याच आठवड्यासाठी तुमच्यासारखेच हजारो सदस्य फोन धरून बसलेले. पुढे विकावं म्हटलं तर गिऱ्हाईक सापडत नाही, आणि सापडलं तरी हस्तांतराचं शुल्क असतं.

असं सदस्यत्व कोणालाच परवडत नाही असं मात्र नाही. निवृत्त जोडपी, आडदिवशी निघू शकणारी माणसं, दरवर्षी नेमाने फिरणारी एकत्र कुटुंबं यांच्यापैकी काहींनी ते वसूल केलेलं मी बघितलं आहे. रोख भरून घेतलेलं, कर्ज काढून नव्हे. तुम्ही त्यात बसत नाही, निदान आज.

आता ता. क.

मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही. 'आपल्यासाठी काहीतरी करायचं' हे अगदी बरोबर आहे, आणि दोन मुलांनंतर ते म्हणणारा नवरा आहे ही चांगलीच गोष्ट आहे. त्यावरून त्यांच्याशी भांडू नका. पण हप्त्याचे ९,४८० येणार कुठून? शनिवारच्या ड्रॉइंगमधून. ती ड्रॉइंग सोमवारी द्यायची असतात, म्हणून ती सुरू होतात शुक्रवारी रात्री. म्हणजे ज्या रात्री तुम्ही दोघं ओट्याला टेकून हसलात, तीच रात्र आधी जाणार. वर्षाच्या सात रात्रींसाठी सगळे शुक्रवार गहाण. हॉटेलातल्या त्या साहेबांनी हा हिशेब मांडला नाही, मांडणारही नाहीत.

पैशाच्या भाषेत, तुमच्या घरात तुटवडा पैशांचा कमी आणि निवांत दोन तासांचा जास्त आहे. मग खर्च तिथे करायचा.

पत्रासोबत तुम्ही जमाखर्चाची जी यादी दिलीत तिच्याप्रमाणे घरकर्जाचा हप्ता ४२,६००, शाळा आणि पाळणाघर २४,०००, घरखर्च, सोसायटी, प्रवास आणि औषधं ५६,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) १८,०००, मिस्टरांच्या टर्म विम्याचे (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा) १,४००. महिन्याला ११,००० उरतात. या अकरा हजारांकडे सगळ्यांचा डोळा आहे: क्लब, कर्ज आणि सासूबाईंच्या मनातली सुकन्या, म्हणजे मुलीच्या नावाची सरकारी बचत योजना. मी ते असे वाटेन.

१,२०० तुमच्या टर्म विम्याला. मिस्टरांचा एक कोटीचा आहे, तुमचा शून्य. घर तुमच्या पगारावरही उभं आहे, मग हे कसं चालेल? साठीपर्यंतचा ७५ लाख ते एक कोटीचा विमा या वयात साधारण एवढ्यात बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. पगारातून पैसे जाऊ लागले की ते जाणवत नाहीत, पण वैद्यकीय तपासणीला चालढकल होते, ती करू नका.

५,००० अडीअडचणीच्या निधीला. तुमच्याकडे २,४०,००० आहेत, आणि एसआयपी सोडली तर महिन्याचा खर्च १,२४,०००. दोन महिनेही धड निघत नाहीत. क्लबचे साठ हजार यातूनच जाणार होते ना? बोनस म्हणून जे १,१०,००० येतात असं लिहिलंत, ते यंदा सगळेच्या सगळे इथे टाका. निधी पाच लाखांवर गेला की हेच पाच हजार कर्जाकडे वळवा. तुमची मुद्दल आज ४५.३ लाखांच्या आसपास असेल. दरमहा पाच हजार जादा भरले आणि दर हाच राहिला, तर कर्ज तीन वर्षं आधी संपतं आणि जवळपास आठ लाखांचं व्याज वाचतं. फ्लोटिंग घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लावायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना सांगितलं आहे. कर्ज फेडायचं तुमचं म्हणणं योग्यच, फक्त त्याचा नंबर दुसरा. नोकरीत काही बिनसलं तर कर्जात भरलेला पैसा बँक परत देत नाही.

आणि ४,८०० तुम्हा दोघांचे. हे वेगळ्या खात्यात टाका, दोघांच्या नावाचं, कार्डासकट. यातून मुलांचे बूट घ्यायचे नाहीत, गॅसचा सिलिंडर आणायचा नाही. महिनाअखेर शिल्लक राहिले तर तिथेच राहू देत.

शुक्रवारच्या पास्त्याला यातले हजार पुरतात, आइस्क्रीम धरून. मीही तो करते, म्हणून खर्च पाठ आहे. अर्ध्या किलोच्या पाकिटातला दोनशे ग्रॅम पास्ता, दहा-बारा लसूण पाकळ्या, तीन चमचे तेल, दोन चीज क्यूब, दीडशेच्या आत दोघांचं जेवण. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, मीठ सढळ हाताने. पास्ता शिजतो तेवढ्यात दुसऱ्या गॅसवर मंद आचेवर लसणाच्या चकत्या. त्या सोनेरी व्हायच्या आतच आच बंद, नाहीतर कडू लागतात. पास्त्याचं पाणी ओतून देण्याआधी वाटीभर बाजूला काढायचं आणि तेलात घालून ढवळायचं, म्हणजे तेल सुटं राहत नाही, पास्त्याला धरतं. वरून पिझ्झाबरोबर आलेल्या तिखटाच्या पुड्या. प्रत्येक घरात त्यांचा एक खण भरलेला असतोच. ऑलिव्ह ऑइल असेल तर उत्तम, शेंगदाणा तेलात केला तर कोणी पोलीस येत नाही. एकच अट: त्या रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आणि मुलांच्या शाळेचा विषय निघाला की ज्याने काढला त्याने भांडी घासायची.

दोन हजार महिन्यातल्या एका संध्याकाळसाठी. पाळणाघरातल्या मावशी ओळखीच्या आहेत, त्यांना तीन तासांचे पाचशे द्या आणि देताना हात आखडता घेऊ नका, कारण विकत घेताय तो मुळात हाच वेळ. उरलेल्या दीड हजारात घाणेकर नाट्यगृहात नाटक होतं, तुम्हाला जवळ आहे. नाहीतर तलावपाळीला एक चक्कर आणि मिसळ. सासूबाई डोंबिवलीहून येणार असतील तो रविवार आधीच धरून ठेवा.

राहिले १,८००. वर्षाचे २१,६०० होतात. त्यात दोन-दोन रात्रींच्या दोन सहली बसतात, एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) निवासांत राहिलात तर नक्कीच. माळशेज, भंडारदरा, माथेरान, सगळं ठाण्याहून आटोक्यात. माथेरानला गाडी दस्तुरीलाच ठेवावी लागते, तेव्हा अडीच वर्षांच्याला घेऊन अमन लॉज स्टेशनपासून छोट्या रेल्वेगाडीने वर जा, त्याला सहलीत तेवढंच आठवेल. ऑनलाइन बुकिंग करता येतं आणि त्यासाठी २५ वर्षांची सही लागत नाही.

मिस्टरांना हे कसं सांगायचं? आकडे दाखवून सुरुवात करू नका. टोकन त्यांनी भरलंय, ते स्वतःच्या बचावाला उभे राहतील. शनिवारची कामं ते कशासाठी घेणार आहेत, एवढंच विचारा आणि त्यांना उत्तर देऊ द्या. त्यांना खरंच कामं घ्यायची हौस असेल तर महिन्यातून एखादी घेऊ देत, पण ते पैसे आधी निधीत. आणि ४,८०० चं खातं त्यांच्या हातात द्या. घरात ज्याला मौजेची आठवण राहते त्यानेच तिचा खजिनदार व्हावं, असं मला वाटतं. तुमच्याकडे दिलं तर तुम्ही ते गुपचूप कर्जात भराल, पत्रावरून तरी तसंच दिसतंय.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचंही चुकत नाही. सुकन्या समृद्धी खात्यावर सध्या ८.२ टक्के व्याज आहे आणि मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत ते उघडता येतं. तुमच्याकडे अजून तीन-चार वर्षं आहेत, पण वाट बघू नका. २५० रुपयांत पोस्टात खातं उघडतं, या महिन्यात ते उघडून ठेवा. वाढदिवसाला, भाऊबीजेला लेकीच्या हातात येणारी पाकिटं त्यात टाका. मोठी रक्कम पुढच्या वर्षीच्या बोनसमधून, अडीअडचणीचा निधी भरला की. पासबुक सासूबाईंना दाखवा, त्यांचा विषय तिथेच मिटेल.