तिघांना एकच माप

‘ताई, मी घरी शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम करते. यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. थोरला नववीत, मधली तिसरीत, धाकटा साडेतीन वर्षांचा. भेदभाव नको म्हणून तिघांना एकच नियम ठेवलाय : रात्री नऊला दिवा बंद, मोबाइल दिवसाला एक तास. तरी थोरला उलट बोलतो, दार लावून बसतो. धाकट्यानं परवा गड्ड्याच्या जत्रेत फुग्यासाठी धुळीत लोळण घेतली, सगळी जत्रा बघत होती. सासूबाई म्हणतात, दोन धपाटे घाल. मधलीचं काही नाही, शहाणी आहे. फक्त शाळेच्या टायमाला “पोट दुखायलंय” म्हणते. माझं कुठं चुकतंय?’
– एक आई, पूर्व भाग, सोलापूर

ताई, पहिलीचा आणि नववीचा शर्ट तुम्ही एकाच फर्म्यावर कापता का? कापड एकाच ताग्यातलं, बटणं एकाच पाकिटातली, पण माप ज्याचं त्याचं. घरात मात्र तिघांना एकच शर्ट चढवायला निघालात, मग कुणाच्या काखेत काचणारच.

धाकट्याचं फार मनावर घेऊ नका. या वयात राग आवरणं त्याच्या हातात नसतं. त्यात ती गर्दी, धूळ, दुपारची झोप बहुतेक बुडालेली. पुढच्या वेळी पोटभर खाऊ घालून न्या आणि काय घ्यायचं, काय नाही ते घरीच ठरवून निघा. तरी लोळला, तर उचलून कडेला न्या आणि गप्प उभ्या राहा. फुगा त्या दिवशी घेऊ नका. घेतलात तर लोळलं की फुगा मिळतो, हा हिशेब तो एका दिवसात शिकेल. धपाट्यानं गप्प होईल, पण घाबरून. सासूबाईंशी यावर वाद घालू नका, त्याला गोष्ट सांगून निजवायचं काम त्यांच्याकडे द्या. आणि मोबाइलचा तो एक तास? दोन ते चार वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय. रोज मोजून द्यायचा तो रतीब नव्हे.

थोरल्याचं निराळं. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. नऊला तुम्ही दिवा मालवता, त्याला झोप येत नाही, मग पांघरुणात मोबाइल उजळतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, म्हणजे सकाळी सहाला उठणाऱ्याला दहापर्यंत जागू द्यायला हरकत नाही. मोबाइल मात्र रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. तुमचाही, हे महत्त्वाचं. खोलीत जाताना दार वाजवा. युनिफॉर्म पुढच्या वर्षी उसवून वाढवता यावा म्हणून शिवणीत माया सोडता ना, तशी याच्या नियमांतही सोडा. आणि एक जबाबदारी पूर्ण द्या. आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मोटार लावण्यापासून टाकी भरेपर्यंत सगळं त्याचं. एखाद्या रात्री टाकी वाहील, शेजारच्या काकू ओरडतील. ओरडू देत. तुम्ही धावत जाऊन मोटार बंद करू नका. (मला स्वतःला हे कधी जमलं नाही, म्हणून सांगतेय.)

आता मधली. तिच्यासाठी पत्रात तुम्ही दोनच ओळी खर्च केल्यात, आणि माझी नजर तिथंच अडकली. पोट रविवारी दुखतं का? सुट्टीत? फक्त शाळेच्या सकाळीच दुखत असलं, तरी ते नाटक समजू नका. मुलांच्या मनावर ताण आला की पोट खरंच दुखतं. आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. मग आठवडाभर तिची पाण्याची बाटली बघा. भरून नेलेली तशीच परत येतेय का? शाळेतल्या स्वच्छतागृहात जावंसं वाटत नाही म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ होते, पोट साफ होत नाही, आणि दुखणं मागे लागतं. तसं काही निघालं, तर बाईंना भेटा आणि तक्रारीच्या सुरात न बोलता सांगा.

बाटली रिकामी येत असेल, तर शोध दुसरीकडे. कुणी चिडवतं का, बाकावरची मैत्रीण बदलली का. समोर बसवून विचारलंत तर ‘काही नाही’ एवढंच हाती लागेल. तुम्ही काज-बटण करत असाल तेव्हा बटणं मोजून द्यायला तिला शेजारी बसवा, थोरला आणि धाकटा दोघंही नकोत. हात कामात आणि नजर खाली असली की या वयाची मुलं बोलतात. पहिल्या दिवशी बोलणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बोलेल, तेव्हा मशीनचं पायडल थांबवा, पण लगेच उपाय सांगू नका.

बाटलीचं काय झालं ते मात्र नक्की कळवा.