टॉवेल कारखान्याला बाहेरचा सीईओ नेमला, तर कंपनीचं व्हिजन त्याने ठरवायचं की संचालक मंडळाने? (सोलापूर)

मसुदा सीईओने मांडायचा, मंजुरी मंडळाने द्यायची आणि मग ते कामात उतरवायची जबाबदारी पुन्हा सीईओचीच. कंपनी कायदा २०१३, कलम १७९ प्रमाणे अधिकार मंडळाचे असतात. सीईओला ते मंडळाकडूनच मिळतात. कागद मंजूर होणं सोपं असतं, अडतं ते पुढे. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याने ‘पाच वर्षांत निर्यातीचा माल’ असं ठरवलं, तर सीईओने लगेच तीन गोष्टींना हात घालावा:

- नव्या मागांचं बजेट
- प्रत्येक लॉटचं जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आणि रंगाचा पक्केपणा तपासणं
- विक्रीवाल्यांचं कमिशन

तिसरी हमखास राहून जाते. कमिशन किलोवर असलं की माणूस स्वस्तातली मोठी ऑर्डरच आणतो, ५०० जीएसएमचा जाड टॉवेल मागे पडतो आणि माग जुन्याच मालात अडकतात. शिवाय ही दिशा जॉबर (मागांची देखभाल करणारे) आणि विणकरांपर्यंत पोचायला हवी, मराठीत आणि तेलुगूतही. सोलापुरात हे टाळून चालत नाही.

मात्र मंडळावर घरचीच माणसं असतील, तर खर्चाची मर्यादा आणि नेमणुकांचे अधिकार सीईओने रुजू होण्याआधीच ठराव करून लेखी घ्यावेत.