चेनसॉ रिकामा असताना किंचाळतो, पण लाकडात घातला की दम सोडतो. एच स्क्रू किती आटे उघडा ठेवावा?

एच स्क्रू म्हणजे पूर्ण रेसला पेट्रोल किती जावे हे ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू; आत घेतला की पेट्रोल कमी होते, बाहेर घेतला की वाढते. आट्यांचा आकडा विचारून कार्बोरेटर जुळवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण स्क्रूला हात लावण्याच्या घाईतच माझे सिलिंडर गेले.

२०१३ च्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातील आमची मोसंबीची बाग पाण्यावाचून वाळली. त्या वर्षी जालना जिल्ह्यात अशा बागा गावोगावी वाळल्या होत्या. झाडे तोडण्यासाठी मी एक जुना चेनसॉ विकत घेतला. वाळलेल्या मोसंबीचे लाकूड कठीण असते आणि त्याचा भुसा काळ्या मातीच्या धुळीत मिसळून एअर फिल्टरवर असा बसतो की दोन दिवसांत फिल्टरची जाळीही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मशीन धूर टाकू लागली आणि पूर्ण रेस दिली तरी आवाज मोकळा होईना. माझे दाजी मोटारसायकलींचे काम उत्तम जाणतात. त्यांनी फिल्टरचे झाकण न उघडताच एच स्क्रू पाव आट्याहून अधिक आत घेतला. आवाज एकदम चढला आणि पाहणाऱ्या सगळ्यांना मशीन सुधारली असे वाटले. त्या संध्याकाळी मी फिल्टर धुऊन वाळत घातला, सकाळी बसवला आणि काम सुरू केले. सातव्या झाडावर मशीन जागीच थांबली. दोरी ओढली तर ती तसूभरही हलली नाही.

कारण सरळ आहे. फिल्टर तुंबल्यामुळे हवा कमी जात होती, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त झाले होते. हवा वाढवण्याऐवजी पेट्रोल कमी केले गेले, आणि फिल्टर स्वच्छ होताच हवा पुरेपूर आली, पेट्रोल मात्र कमीच राहिले. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. त्यामुळे पेट्रोल तुटले की तेलही तुटते, उष्णता वाढते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो.

दाजींचे म्हणणे आजही असे आहे की मी तेल कमी घातले. मी एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, म्हणजे ५० ला १ हे प्रमाण, फवारणीच्या औषधाच्या मापाने मोजून घातले होते, आणि त्याच कॅनमधील मिश्रणावर मशीन आधीचे तीन दिवस चालली होती. तेलच कमी असते तर पिस्टन सातव्या झाडाची वाट पाहत थांबला नसता. पिस्टनवरचे ओरखडेही मुख्यतः एक्झॉस्टच्या बाजूला होते, आणि जास्त तापलेला पिस्टन बहुधा तिथूनच धरू लागतो. उन्हामुळे मशीन बिघडली, हे कारणही मला पटत नाही. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे उन्हाळ्यात मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण उलट किंचित वाढते. खरा धोका मे महिन्यात स्क्रू जुळवलेली मशीन डिसेंबरच्या थंड सकाळी तशीच चालवण्यात असतो.

तुमच्या वर्णनावरून एच स्क्रू जास्त आत गेलेला दिसतो. तरीही आधी फिल्टर धुवा, टाकीतील पेट्रोलचा फिल्टर आणि सायलेन्सरची जाळी तपासा, प्लगमधील अंतर ०.५ मिलिमीटर करा आणि साखळीला धार लावा. भुसा पिठासारखा पडत असेल तर दोष इंजिनाचा नसून साखळीचा आहे. मग मशीन गरम करून एच स्क्रू आट्याच्या आठव्या भागाने बाहेर घ्या. रिकाम्या पूर्ण रेसला आवाज किंचित फुटका यावा आणि लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा. हीच खूण धरा. रिकामी पूर्ण रेस दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका. पुष्कळ कार्बोरेटरना एक आटा उघडा ही सुरुवातीची जागा चालते, पण स्क्रू कधीही घट्ट आवळू नका, कारण त्याची सुई बैठकीत रुतून कायमची खराब होते. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता मशीन चालू असताना, साखळी फिरत असेल तर आयडलिंगचा वेग ठरवणारा टी स्क्रू सैल करा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. स्टिलच्या एम-ट्रॉनिक आणि हुस्क्वर्नाच्या ऑटोट्यून मशीनमध्ये हे मिश्रण मशीन स्वतःच ठरवते, त्यामुळे हे सारे त्यांना लागू नाही. आताच्या पेट्रोलमधील इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, म्हणून पूर्वीच्या पेट्रोलवर जुळवलेला स्क्रू आता थोडा अधिक उघडावा लागू शकतो. आणि स्क्रू उघडूनही आयडलिंग आपोआप चढत-उतरत राहिले, तर कार्बोरेटर व सिलिंडर यांच्यामधील रबरी नळीला चीर गेली आहे का, हे पाहिल्याशिवाय मशीन पुन्हा लाकडात घालू नका.